जाणाऱ्यांच्या खिडकीवर वऱ्हाड

बुआफनने पासपोर्टवर शिक्का आपटला, तसा काचेपलीकडचा कोबीवाला दचकला.

"माझं काही चुकलं का हो, बाई?"

"नाही काका. तुमचं काही नाही. या."

कोबीवाला आपला ट्रक घेऊन थायलंडच्या दिशेने निघाला. बुआफनने टोपी सारखी केली आणि विनाकारण शिक्क्याची शाई तपासली. आज तिच्या सख्ख्या बहिणीचे लग्न होते. आणि करवली मात्र मेकाँगवरच्या नव्या पुलाच्या लाओसकडच्या टोकाला, गणवेशात, जाणाऱ्यांच्या खिडकीत बसली होती. येणाऱ्यांच्या खिडक्या इमारतीच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे पलीकडून नवरदेवाचे वऱ्हाड येणार, शिक्के घेऊन नाचत गावाकडे जाणार, आणि हिला त्यांची पाठसुद्धा दिसणार नाही.

रजेसाठी ती मेजर सोमवांग यांच्याकडे गेली होती. मेजर म्हणजे या नाक्याचे मुख्य. इस्त्रीची घडी मोडेल म्हणून ते खुर्चीत टेकतसुद्धा नाहीत, असे सगळे म्हणत.

"लग्न कोणाचं? तुझं?"

"नाही साहेब. बहिणीचं."

"मग ते तुझ्यावाचून लागेल. पूल आत्ताच उघडलाय, गर्दी बघतेयस ना?"

लग्न तिच्यावाचून लागणार होते, यात वादच नव्हता. पण नवरदेव दारात आला की दगडावर केळीचे पान अंथरून त्याला त्यावर उभे करतात आणि नवरीची धाकटी बहीण त्याचे पाय धुते. तोवर त्याला उंबरा ओलांडता येत नाही. थोरली मानीचन आणि बुआफन लहानपणी हा खेळ इतका खेळल्या होत्या, की पाण्याचा वाडगा दिसला की घरातला कुत्रा पळ काढायचा. शेंडेफळ म्हणून बुआफनच्या वाट्याला घरात जे काही आले ते जुनेच आले होते. पाय धुण्याचा मान तेवढा जन्मापासून तिचा एकटीचा होता. आता आईने चांदीचा वाडगा मावसबहिणीच्या, नोकच्या हातात दिला होता. नोक फार गुणी मुलगी होती. तिला नावे ठेवायलाही जागा नव्हती, हेच बुआफनला जास्त लागत होते.

खरे तर हे लग्न पुलानेच जमवले होते. पूल दोन्ही देशांनी वाटून बांधला, अर्धा त्यांनी, अर्धा यांनी. पलीकडच्या अर्ध्यावर नवरदेव कोप लोखंड जोडायचा आणि अलीकडच्या अर्ध्यावरच्या कामगारांना मानीचन जेवण पुरवायची. मधला शेवटचा तुकडा बसला त्या दिवशी मोठ्या साहेबांची भाषणे सुरू झाली, आणि कोप भाषणे चुकवून सरळ अलीकडे जेवायला आला. मानीचनने कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत मुद्दाम मूठभर मिरच्या कुटल्या. त्याने डोळे पुसत ती संपवली आणि आणखी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुलाने देशाचे काय भले व्हायचे ते होईल, आपल्याला जावई तर मिळाला, असे बुआफनची आई त्यानंतर ज्याला त्याला सांगत सुटली.

बुआफन पुढचा पासपोर्ट उघडत होती, एवढ्यात ढोल वाजला.

आवाज आधी लांबून, पाण्यावरून आला. मग झांजा ऐकू आल्या, मग बायकांच्या आरोळ्या. बुआफनची मान आपोआप दुसऱ्या अंगाच्या खिडक्यांकडे वळली. तिकडे काही दिसणार नाही हे ठाऊक असूनही ती खुर्चीवरून अर्धी उठली.

पण आवाज तिकडे जाईना. तो सरळ तिच्याकडेच येत होता.

थायलंडमध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात आणि लाओसमध्ये उजव्या. म्हणून पुलाच्या या टोकाला रस्त्याची फुली केली आहे. तिथे सिग्नल पाहून प्रत्येकाने बाजू बदलायची. त्यासाठी भला मोठा बाण रंगवलेली पाटीही आहे. फक्त उद्घाटनाच्या पताका अजून कोणी उतरवल्या नव्हत्या आणि त्यातल्या निम्म्या त्या बाणावरच लटकत होत्या. वऱ्हाडाच्या पुढची गाडी नवरदेवाचा मामा साविंग चालवत होता. हयातभर डाव्या अंगाने चालवलेला माणूस, त्यात एका हाताने ताल धरलेला. तो आला तसा सरळ पुढे आला. त्याच्यामागे ढोलाची गाडी, ढोलामागे बायकांची, आणि सगळे वऱ्हाड नाचतनाचत जाणाऱ्यांच्या रांगेत उलट्या बाजूने शिरून एका कोबीच्या ट्रकसमोर नाकाला नाक लावून उभे राहिले.

"अहो, हे काय!" ट्रकवाला ओरडला. "लग्न तिकडून न्या ना!"

साविंगमामा खाली उतरला. समोर आडवा दांडा बघून तो एकदम खुलला. नदीच्या दोन्ही काठांवर रीत एकच: नवरीकडचे लोक आधी चांदीचे दार, मग सोन्याचे दार म्हणत वाट अडवतात, फिरक्या घेतात आणि पैशांचे पाकीट घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दांडा पाहिला आणि मामाची खात्री पटली. खिशातले लाल पाकीट पासपोर्टवर ठेवून त्याने ते खिडकीतून आत सरकवले.

"उघडा दार! सोन्यासारखा मुलगा आणलाय!"

डोक्यावर कॅमेरा होता, आणि सरकारी खिडकीत पाकीट.

"मामा, मागे घ्या ते! आधी मागे घ्या!"

"अगं, थोडं वाटतंय का? दुसरं पण आहे."

"काय चाललंय इथे?"

मेजर सोमवांग खिडकीपाशी उभे होते. ढोल मध्येच थांबला. मेजरनी पाकिटाकडे पाहिले, मग मामाकडे.

"हे काय आहे?"

"दाराचं आहे, साहेब," मामाचा आवाज थोडा उतरला. "हे चांदीचं दार ना? सोन्याचं पुढे घरी असेल."

"हे सरकारचं दार आहे. पाकीट खिशात."

पाकीट खिशात गेले. मागच्या गाडीवरून कोप उतरून पुढे आला. रेशमी सदरा, कानाशी फूल, आणि चेहरा पार पडलेला.

"साहेब, मुहूर्त टळतोय. आम्ही मागे घेऊन फिरवतो गाड्या."

"कुठे फिरवता? मागे बघा."

मागे, वऱ्हाडाच्या शेपटाला चुकूनच लागलेल्या पलीकडच्या दोन बसगाड्या उभ्या होत्या. मेजरनी सगळी रांग नजरेने मोजली. मग त्यांनी शिपायाला हाक मारली.

"येणाऱ्यांचा शिक्का इकडे आण. यांची तपासणी इथेच होईल. बुआफन, विचार."

बुआफनने घसा साफ केला. प्रश्न रोजचेच होते, पण आज ते तोंडातून निघताना ओठ हसायला बघत होते.

"कुठून आलात?"

"पलीकडून!" सगळे वऱ्हाड एका सुरात.

"येण्याचं कारण?"

"मुलगी न्यायला!" बायका ओरडल्या. "नाही हो, मुलगा द्यायला!" दुसऱ्या बायका.

"किती दिवस राहणार?"

यावर सगळ्यांनी कोपकडे पाहिले. त्याचे कान लाल झाले.

"मी... मी आता इथेच, सासुरवाडीला," तो म्हणाला.

"तीस दिवस लिही," मेजर म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

ढोलवाल्याला हसू आवरेना, त्याने एक थाप मारलीच. शिक्क्यामागून शिक्के पडत गेले. शेवटी वऱ्हाडातल्या केळीच्या रोपांपाशी गाडी अडली.

"माती असलेली रोपं आत जाणार नाहीत," मेजर म्हणाले.

"केळीशिवाय वऱ्हाड असतं का कुठे?" नवरदेवाची आत्या कंबरेवर हात ठेवून पुढे झाली. "तुमच्या लग्नात नव्हती का केळ?"

"होती. ती अलीकडचीच होती. रोपं त्या भिंतीशी ठेवा." त्यांनी हाताने जागा दाखवली आणि तोच हात तसाच हवेत राहिला. "एक पान कापून घ्या."

"पान?"

मेजर भिंतीवर डकवलेल्या आदेशाकडे वळले आणि खणखणीत आवाजात बोलू लागले. गुरांमध्ये खुरांचा रोग आहे. पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाने औषधाच्या पाण्यातून पाय काढायचे, असा आदेश आहे. त्या पाण्याचा हौद येणाऱ्यांच्या बाजूला आहे. या बाजूला नाही.

"मग आम्ही तिकडे जाऊन येतो, साहेब," कोप म्हणाला.

"तिकडे जायचं नाही. रांग मोडते." त्यांनी बुआफनकडे पाहिलेच नाही. "इथे हातानेच धुवावे लागतील. बुआफन, बाहेर ये. नवरदेवाचे तू धू. बाकीच्यांचे बूट मी बघून घेतो."

बुआफनला क्षणभर दाराची कडीच सापडेना. बाहेर येऊन तिने टोपी काढली, ती ठेवायला जागा दिसेना, तेव्हा आत्याने ती आपल्या डोक्यावर चढवली. पान डांबरावर अंथरले गेले. कोपने जोडे काढून त्यावर पाय ठेवले. कडक इस्त्रीच्या गणवेशात बुआफन गुडघ्यांवर बसली.

तोवर मेजर स्वतः पाण्याचा वाडगा घेऊन आले. कचेरीतला स्टीलचाच, चहाच्या खोलीतला. त्यात चाफ्याची फुले तरंगत होती.

औषधाचा वास तर कुठेच येत नव्हता. बुआफनने वर पाहिले.

"साहेब, फुलं?"

"पडली असतील."

चाफ्याचे झाड झेंड्याच्या खांबापाशी होते आणि पाण्याचा नळ इमारतीच्या पार मागे. बुआफनने ओंजळीने पाणी घेतले आणि कोपच्या पायांवर सोडले, आधी उजव्या, मग डाव्या. इतकी वर्षे मनात घोकलेले शब्द नीट आठवले.

"दाजी, वाटेची धूळ इथेच राहू दे. आत येताना फक्त तुम्ही या."

कोपने दोन्ही हात जोडले. बायकांनी आरोळी ठोकली, ढोलवाल्याने परवानगी न विचारता हात सैल सोडला, आणि कोबीच्या ट्रकवरचा क्लीनर टपावर चढून नाचू लागला. बुआफनचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती, आणि दोन्ही हात ओले असल्याने यातले काहीच तिला पुसता येत नव्हते.

दांडा वर गेला. वऱ्हाड गावाकडे निघाले, या वेळी रस्त्याच्या बरोबर बाजूने. आत्याने टोपी परत फेकली.

खिडकीत परत बसून तिने वीस-पंचवीस पासपोर्ट पाहिले असतील, तोच तिचा फोन थरथरला. कामाच्या वेळेत फोन घ्यायचा नसतो. पण मागेच उभ्या असलेल्या मेजरनी मान दुसरीकडे वळवली, म्हणून तिने घेतला. मानीचन होती.

"अगं, आईने त्याला पायरीवर उभं करून ठेवलंय! तो म्हणतो, पाय धुऊन झाले. आई म्हणते, पुलावर कोण धुणार? नोक वाडगा घेऊन उभीये, बिचारी!"

"मी धुतले गं. खरंच, मी!"

"आईला सांग ना ते. घे, बोल."

"आई, मी धुतले. पानावर उभं करून... अगं, शपथ! नाही, चेष्टा नाही करत..."

मेजरनी हात पुढे केला. बुआफनने त्यांच्या हातात फोन दिला.

"मी नाक्यावरून मेजर सोमवांग बोलतोय. हो. तुमच्या धाकट्या मुलीनेच धुतले. मी समोर उभा होतो." पलीकडून बराच वेळ बोलणे चालले होते. मेजर ताठ उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी एकदा मागे वळून शिपाई जवळपास नाही ना हे पाहिले, आणि आवाज खाली आणला.

"हो, आई. फुलं होती. चाफ्याची. ताजी."

पलीकडे ढोल वाजला, तो फोनमधूनसुद्धा सगळ्या रांगेला ऐकू आला. मेजरनी फोन परत दिला, बाही ओढून सारखी केली आणि काचेतून बाहेर पाहत म्हणाले,

"चला, पुढे कोण आहे?"