लांबट चकत्या

प्रयोगशाळेत तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. बावीस वर्षं ती लिबलिबीत जेल ओतत, कापत आणि मोजत आली होती, आणि मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे.

सध्या काम चालू होतं झिजलेल्या गुडघ्यात बसवायच्या मऊ जेलचं. पण ताणून बघितलं की त्याचे तुकडे फाटत होते. त्याच्या गोल चकत्या साच्यानं कापून ती पाण्यात टाकायची. दोन दिवसांत त्या टम्म फुगायच्या. एका सोमवारी तिच्या लक्षात आलं, की फुगलेल्या चकत्या गोल नाहीत, लांबट आहेत.

"साचा वाकडा असेल," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "जेलमध्ये रेणूंचा नुसता गुंता असतो, ताई. तो सगळीकडून सारखाच फुगणार."

"साचा मोजलाय, सर. गोल आहे."

"मग तुमची नजर वाकडी!"

सगळे हसले. तिच्या ते जिव्हारी लागलं.

घरी नवरा म्हणाला, "सोडून दे गं. चकती लांबट झाली म्हणून कोणाचं काय अडलंय?"

"माझं अडलंय," ती म्हणाली.

ती हट्टाला पेटली. ओतलेलं जेल घट्ट होण्याआधी काचेवर पातं ओढून ती त्याचा पातळ थर करत असे. आता पातं ज्या दिशेला ओढलं, त्या दिशेची खूण तिनं प्रत्येक चकतीवर केली. जेवणाच्या सुट्टीत, रोज चार अशा चाळीस चकत्या झाल्या. एकूण एक चकती खुणेच्या आडव्या दिशेला जास्त फुगली होती.

मग तिनं एकाच दिशेचा प्रकाश पार जाऊ देणाऱ्या दोन काळसर काचा काढल्या. एकीवर दुसरी आडवी धरली की प्रकाश पार अडतो. मध्ये नुसता गुंता ठेवला तरी काळोखच राहतो. तिनं मध्ये चकती तिरकी सरकवली. चकती लख्ख उजळली.

"सर, जरा इकडे या."

सर वाकले. त्यांनी चकती फिरवली तशी ती विझली, पुन्हा उजळली. त्यांनी दुसरी चकती घेऊन तेच करून पाहिलं.

"रेणू ओळीनं उभे आहेत," शेवटी ते पुटपुटले. "पात्यानं विंचरल्यासारखे. एवढं पाणी पिऊनसुद्धा ओळ मोडली नाही! म्हणूनच आपले तुकडे वर्षभर एकाच अंगानं फाटतायत... चुकलं माझं, ताई."

"चुकलंच," ती म्हणाली. "आता एक थर उभा आणि त्यावर एक आडवा ओढून बघते. मग कुठल्या अंगानं फाटतं, बघू."

"आजच?"

तिनं पातं पुसायला घेतलंही होतं.