सात दिवस शिट्टीबाईंच्या कमरेवर

मित्रांनो, मी चाल मोजणारा एक जुना सेन्सर आहे. काड्यापेटीएवढा, राखाडी, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. रबरी पट्ट्यात अडकवून मला माणसाच्या कमरेवर, पाठीच्या बाजूला बांधतात. मला डोळे नाहीत. तुम्हांला जे सांगणार आहे ते अंगाने कळलेलं आणि कानांवर पडलेलं आहे. त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती आठवली की आजही माझ्यातली वीज क्षणभर जागीच थबकते.

नंतर कानांवर आलं त्यावरून, माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका भिंगाखाली धरून माझे कणीएवढे अवयव जोडत होत्या. मग माझी शाळा सुरू झाली. शाळा कसली, अर्ध्या तासाची शिकवणी! मला टेबलावर आधी पोटावर ठेवलं, मग पाठीवर, मग एकेका कुशीवर, मग उभं, मग उलटं. सहा बाजू, पण धडा एकच : खाली म्हणजे कुठे. माणूस उभा असो की आडवा, जमीन कोणत्या बाजूला आहे हे तेव्हापासून मला झोपेतही कळतं.

पुढे मी फिजिओथेरपीच्या एका दवाखान्यात आलो. तिथे ज्या चालीचे उपचार करायच्या, त्यांना सगळे ताई म्हणत. म्हातारी माणसं यायची. ताई मला त्यांच्या कमरेला बांधायच्या आणि सांगायच्या, "खुर्चीतून उठा, त्या पिवळ्या पट्टीपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा." एवढंच काम. पण तेवढ्यात मला पुष्कळ कळायचं. उठताना किती जोर लागला, वळायला किती पावलं घेतली, कोणता पाय धीट आणि कोणता भित्रा. एका निवृत्त शिंप्याचा डावा पाय जमिनीवर पाहुण्यासारखा टेकायचा, जरा बसतो आणि निघतो. ते मी दाखवलं, म्हणून त्याच्या खुब्याचं दुखणं वेळेवर सापडलं. "याच्यापासून काही लपत नाही हो," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

अशात एके दिवशी शिट्टीबाई आल्या.

वय चौऱ्याहत्तर. मुलींच्या शाळेत तीस वर्षं कवायत शिकवलेल्या. नाव त्याच मुलींनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की शेजारीपाजारीही शिट्टीबाईच म्हणायचे. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती. दोघी एकाच घरात राहायच्या. मुलगी दिवसभर ऑफिसात, बाई घरी. "आमची आई टुणटुणीत आहे, पण वर्षातून एकदा तपासलेलं बरं," मुलगी म्हणाली.

"मला चालायला शिकवताय?" बाईंनी ताईंना दटावलं. "सगळ्या गावच्या मुली मी चालवल्यात."

आणि खरंच, त्या चालल्या म्हणजे काय चालल्या! ताठ कणा, मोजून टाकलेली पावलं, तीन पावलांत वळण.

"नऊ सेकंद!" ताई म्हणाल्या. "बाई, साठीतल्यांना लाजवाल."

एक गोष्ट मात्र मला खटकली. उठल्यापासून बसेपर्यंत बाईंनी श्वास सोडलाच नव्हता.

ताईंची एक पद्धत होती. दवाखान्यातली चाल आणि घरातली चाल वेगळी असते, म्हणून त्या मला सात दिवस घरीही पाठवत. अंघोळीपुरतं काढायचं, एरवी नाही.

"यात कॅमेरा आहे?" बाईंनी विचारलं.

"छे हो. फक्त चाल मोजतो."

"म्हणजे चाललं तर मोजणार. नाही चाललं तर गप्प."

"तसंच समजा," ताई हसत म्हणाल्या. ते तसं नव्हतं. पण मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला मुलगी ऑफिसला निघाली. दार लागलं. लिफ्ट खाली गेली. बाई जेवणाच्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. लिफ्टची घरघर थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवले, एक गुडघा टेकवला, मग दुसरा. आणि मित्रांनो, जमीन माझ्या पायांखालून निघाली ती थेट पोटाखाली आली.

बाई पडल्या! मला दुसरं काही सुचलंच नाही. ओरडता येत असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आता कण्हण्याचा आवाज येईल, आता धडपड होईल, म्हणून मी वाट बघत राहिलो. पण आवाज आला नाही. आला तो एक ठेका. हात, गुडघा. हात, गुडघा. कवायतीसारखा, एकसारखा, सरावाचा.

बाई रांगत होत्या.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या, तीन पावलांत वळणाऱ्या बाई स्वतःच्या घरात तान्ह्या मुलासारख्या रांगत होत्या. स्वयंपाकघरात पोचल्या की ओट्याला धरून उभ्या राहायच्या, काम उरकायच्या, की पुन्हा खाली. जेवण झाकणाच्या डब्यात भरायचं आणि डबा लादीवरून पुढे ढकलत न्यायचा. डबा खर्रकन पुढे जायचा, मागून बाई. संध्याकाळी सव्वासहाला लिफ्ट वर यायला लागली की लगबगीने खुर्ची गाठायच्या आणि गाऊन झटकायच्या.

"काय केलंस दिवसभर?" मुलगी चपला काढता काढता विचारायची.

"काय करणार? दोन चकरा मारल्या गच्चीवर," बाई सांगायच्या.

गच्चीवर! मी कमरेवर होतो. आम्ही उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सातही दिवस असेच गेले. मुलगी घरात असली की, अगदी सुट्टीच्या दिवशीही, बाई टेबल, भिंत, कपाट असं सहज हात लावल्यासारखं करत चार पावलं टाकायच्या, आणि बाकी वेळ बसून असायच्या. मला रोज वाटायचं, आज हिला कळेल. पण मुलीला दिसत होती ती खुर्चीत ताठ बसलेली आई.

मी दवाखान्यात परतलो आणि जे जसं घडलं ते तसं संगणकावर मांडलं. ताई गोंधळल्या. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

"हे काय? इथे नऊ सेकंद, आणि घरात बाई दिवसभर आडव्या?" मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि आडव्या असून हलतायत? पट्टा घरातल्या एखाद्या रांगत्या मुलाला बांधला असेल."

"घरात लहान मूल नाही, सर."

"मग यंत्र गेलं. इथले नऊ सेकंदच खरे धरा."

झालं. माझ्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवली, वर लिहिलं 'बिघडलेला', आणि मला खणात टाकलं. सोबतीला फुटका थर्मामीटर, मेलेले सेल आणि एक झाकण नसलेलं पेन. मी चुकलो असतो तर वाईट वाटलं नसतं. पण जे घडलं तेच सांगितलं, म्हणून मी खोटा ठरलो, याने मी सुन्न झालो. त्याहून मोठा घोर वेगळाच होता. तिकडे बाई रांगत होत्या, आणि ते ठाऊक असलेला मी एकटा खणात बंद होतो.

एकवीस दिवस गेले. मग एका दुपारी ताईंनी मला दुरुस्तीला पाठवायचं म्हणून बाहेर काढलं, चार्ज केलं आणि टेबलावर सहाही बाजूंनी ठेवून बघितलं. सहाही वेळा मी खाली कुठे ते बरोबर सांगितलं. त्यांनी मला स्वतःच्या कमरेला बांधलं. चालल्या. बरोबर. आडव्या झाल्या. बरोबर.

ताई सतरंजीवर उठून बसल्या. "नाही, असं कसं असेल," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावलं, गुडघे टेकले, हात टेकले आणि सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेल्या.

संगणकावर त्यांनी दोन्ही रेघा एकाखाली एक लावल्या. त्यांची आणि बाईंची. जुळ्या बहिणींसारख्या.

"अगं आई गं!" ताई म्हणाल्या.

त्यांनी बाईंच्या घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही कोणी उचलला नाही, तेव्हा त्यांनी मुलीला ऑफिसात फोन केला. "बाई फोन उचलत नाहीत. मी घरी निघालेय, तुम्हीही या." घाईत पट्टा काढायचंही त्यांना सुचलं नाही. त्या धावत होत्या आणि मी त्यांच्या कमरेवर आदळत होतो.

मुलगी दारातच भेटली, धापा टाकत. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं.

आणि ताई थांबल्या. मित्रांनो, जिवंत माणसाच्या कमरेवर असताना मी इतकी सरळ रेघ कधी काढली नव्हती. त्यांचा श्वाससुद्धा हलत नव्हता.

"आई?" मुलीचा आवाज आला. "आई! पडलीस? कुठे लागलं?"

"पडले नाही." उत्तर जमिनीजवळून आलं. "फोन वाजत होता, तिकडेच निघाले होते. पोहोचेपर्यंत बंद पडतो मेला."

"मग उठ ना."

लादीवर तळहात सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"उठ ना, आई!"

"उठेन गं. जरा दम धर."

ताई त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी बाईंच्या गुडघ्यांना हात लावला. "टाचेसारखे झालेत हो," त्या हळूच म्हणाल्या. "किती दिवस चाललंय हे?"

"पाच महिने."

"पाच महिने?" मुलगी जवळजवळ किंचाळली. "मी याच घरात राहते, आई!"

बाईंचा तो शाळेतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. त्या थांबत थांबत सांगू लागल्या. पाच महिन्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारात त्या पडल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. तीन तास लादीवर पडून होत्या. "तेव्हापासून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. जमीन लांब लांब जाते. खाली असलं की बरं. खाली असलेलं माणूस आणखी कुठे पडणार?"

"दवाखान्यात तर किती छान चाललात," ताई म्हणाल्या.

"तिथे तुम्ही हाताच्या अंतरावर होतात. आणि परीक्षा म्हटली की मला नापास होता येत नाही."

"मला का नाही सांगितलंस?" मुलगी आता रडत होती.

"तुझ्या बाबांच्या आजारपणात चार वर्षं नोकरी सोडून घरी बसलीस. बरोबरच्या सगळ्या पुढे गेल्या. पुन्हा तेच करू द्यायचं होतं तुला?"

मुलगी तिथेच, लादीवर, आईला टेकून बसली. कितीतरी वेळ कोणीच उठलं नाही.

मोठे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी घरी आले. बाईंचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला, तर उभं राहताच तो धाडकन उतरत होता. अंधारी त्याचीच होती. बाईंची रक्तदाबाची नेहमीची गोळी बदलली, भिंतींना धरायचे दांडे लागले. भीती मात्र गोळीने जाणारी नव्हती. पडल्यावर पुन्हा कसं उठायचं हे ताईंनी बाईंना सतरंजीवर महिनाभर शिकवलं. "पडायचं शिक्षण घेतेय या वयात," बाई कुरकुरायच्या आणि पुन्हा एकदा करून बघायच्या. माझ्या पाठीवरची पट्टी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सोलून काढली. "याचं नाही, आपलं चुकलं," ते म्हणाले. तिचा चिकटा अजून माझ्या अंगावर आहे.

सहा आठवड्यांनी मी पुन्हा बाईंच्या घरी गेलो. पलंगापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं. वाकडीतिकडी, अडखळती, मध्ये दोनदा थांबून श्वास घेतलेला. नऊ सेकंदांच्या त्या देखण्या चालीपुढे ही रेघ कोणालाही गबाळी वाटली असती. मी आयुष्यात काढलेली सगळ्यांत सुंदर रेघ ती आहे.

आता माझी बॅटरी तीन तासांवर टिकत नाही. कातडीला चिकटणारे कागदासारखे पातळ सेन्सर आलेत. मी शिकायला येणाऱ्यांना दाखवण्यापुरता उरलोय. त्याचं दुःख नाही. वस्तू जुन्या व्हायच्याच.

पण एक धक्का मात्र अजून ओसरत नाही, मित्रांनो. एका छपराखाली राहणाऱ्या लेकीला जे पाच महिने कळलं नाही, ते कळायला यंत्र लागलं. आणि यंत्राने सांगितलं, तर यंत्रच खोटं ठरलं. ती लेक वाईट नव्हती. ती रोज विचारायची, पण चपला काढता काढता विचारायची.

तुमच्याही घरात कोणी थकलेलं माणूस असेल. त्याला दारातून "बरं आहे ना?" असं विचारू नका, त्या प्रश्नाला "हो" हेच उत्तर मिळतं. आज घरी गेलात की त्याच्या शेजारी उभे राहा, आणि त्याला पाणी हवं असेल तर ते आणायला दोघं मिळून जा. तुमचा हात त्याच्या हाताजवळ असू द्या. आणि त्याच्यापेक्षा एक पाऊलही पुढे टाकू नका.