चौदाव्या भागातला सुकाणूवाला

सासऱ्यांची अट एकच होती, आणि पुस्तक सुनेच्या हातात देण्याआधीच त्यांनी ती सांगून टाकली होती.

"छापलंय तसं वाचायचं. चुकीचं छापलं असेल तर चुकीचं वाच. रटाळ असेल तर रटाळ वाच. पण वाच, सांगू नकोस. ज्या दिवशी तू मला पुस्तक सांगायला लागशील, त्या दिवशी मी परीक्षणं लिहिणं सोडलं म्हणून समज."

सुनेने मान डोलावली. मग ती त्यांना दिसली नसेल हे लक्षात येऊन तोंडानेही "हो, बाबा" म्हणाली. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळभर बाटल्यांतलं पाणी तपासायचं आणि जे निघेल तेच लिहायचं, यात तिची सगळी नोकरी गेलेली. अशा बाईला ही अट म्हणजे डाव्या हातचा मळ, असं दोघांनाही वाटलं.

बाबांच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग बसला होता. कडेकडेचं दिसायचं: दाराची चौकट, खुर्चीची पाठ, समोरच्या माणसाचे कान. त्यामुळे ते घरात न अडखळता फिरत, जिना उतरून कोपऱ्यावरून दूध आणत आणि ओळखीच्यांना आवाजावरूनच आधी हाक मारून मोकळे होत. अक्षर मात्र जिथे बघावं तिथूनच नाहीसं व्हायचं. हे मुलाला आणि सुनेला ठाऊक होतं. साप्ताहिकाच्या संपादकबाईंना याचा पत्ता नव्हता, आणि तो लागू द्यायचा नाही असं बाबांनी पक्कं ठरवलं होतं. पुस्तक न दिसणाऱ्या परीक्षकाला स्तंभ कोण देणार? आणि स्तंभ गेला तर बाबांकडे काय उरणार, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नसे.

वाचून दाखवणारं यंत्र त्यांनी लावून पाहिलं होतं. "मरणाचा प्रसंग असो की दुकानाचा पत्ता, बया एकाच सुरात वाचते," म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद केलं. मुलगा वाचायला बसला, तर दोन पानांत त्याच्याच घोरण्याचा आवाज यायला लागला. मग सून आली. ती कामावरून परतली की चहा व्हायचा, बाबा आरामखुर्चीत बसायचे आणि ती खिडकीजवळ उजेडात स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसायची. असं पाच-सहा पुस्तकांपर्यंत बिनबोभाट चाललं.

मग चौदावा भाग आला.

अंतराळातल्या लढायांची ही कादंबरीमालिका बाबांनी पहिल्या भागापासून वाचली होती, आणि प्रत्येक भागाचं परीक्षणही त्यांनीच लिहिलं होतं. पहिले चार भाग त्यांनी डोक्यावर घेतले. पाचव्यापासून कुरकुर सुरू झाली. लेखकाने जहाजं वाढवली, साम्राज्यं वाढवली, तोफा वाढवल्या आणि माणसं कुठेतरी ठेवून विसरला, ही त्यांची तक्रार. तरी मालिका सोडवत नव्हती, त्याचं कारण होता जहाजाचा म्हातारा सुकाणूवाला. पहिल्या भागात त्याने विझत्या ताऱ्याच्या कडेकडेने जहाज सुखरूप काढलं होतं, ती पानं बाबांना तोंडपाठ होती. पुढे पुढे तो बिचारा "होय, कॅप्टन" म्हणण्यापुरताच उरला. बाबा मात्र प्रत्येक नवा भाग उघडताना आधी त्याची चौकशी करत, गावाहून आलेल्या माणसाकडे जुन्या मित्राची करावी तशी.

चौदावा भाग विटेएवढा जाड होता. सहाव्या प्रकरणात लढाई सुरू झाली ती संपायचं नाव घेईना. कुठल्या जहाजाने कुठल्या जहाजावर कुठल्या तोफेतून काय डागलं, पानामागून पान. सून प्रयोगशाळेतून थकून आलेली. तिने एक परिच्छेद गाळला. मग एक पान. काही बिघडलं नाही. मग तिने सात-आठ पानं एकदम उलटली, आणि बाबांनी डोळे उघडले.

"पण या सगळ्यात सुकाणूवाला कुठे होता?"

पुस्तकात तो कुठेच नव्हता. हे सांगायला तिने तोंड उघडलंही. पण त्यांनी इतक्या आशेने विचारलं होतं की तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"सुकाणूवाला जागेवरच होता," ती वाचण्याच्या सुरात म्हणाली. "पण त्याला समोरचा पडदा दिसत नव्हता. गेलं वर्षभर दिसत नव्हता. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं."

खुर्चीत बाबा ताठ बसले.

आता माघार कशी घेणार? तिने पुढे रचलं. जहाजावरच्या स्वयंपाकिणीने ते ओळखलं होतं. ती हातात डाव घेऊन काहीतरी विचारायला आल्याचं निमित्त करायची, त्याच्या मागे उभी राहायची आणि हळू आवाजात सांगायची, डावीकडे दोन तारे, एक लालसर, उजवीकडे अंधार. तेवढ्यावर म्हातारा जहाज वळवायचा. त्याला अंधाराचा आकार कळतो, असं ती म्हणायची.

"हं," बाबा म्हणाले. "वाच, वाच. थांबलीस का?"

एका थापेला दुसरी जोडावी लागते, हे तिला माहीत होतं. जोडताना आपल्याला मजा येईल, हे माहीत नव्हतं. रोज थोडं छापलेलं वाचायचं आणि त्यात सुकाणूवाल्याचा एक तुकडा घालायचा, असा क्रम पडला. प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना ती संध्याकाळचा तुकडा जुळवू लागली. बाबा दुपारपासून खुर्चीत येऊन बसू लागले. चेहऱ्यावर तजेला आला. मुलाने तर जेवताना विचारलं, "बाबांना नवीन औषध चालू केलं का?" सुनेने भाताकडे बघत नाही म्हटलं.

पुस्तक संपलं आणि परीक्षण सांगायची दुपार आली. बाबा सांगत, ती टंकत असे. नेहमी ते अडखळत, खोडत, शब्द बदलत. या वेळी एकदाही थांबले नाहीत.

"लिही. गेले नऊ भाग ज्या लेखकाने तोफा मोजल्या, त्याला चौदाव्या भागात माणूस सापडला आहे. नजर गेलेल्या सुकाणूवाल्याची आणि त्याला तारे सांगणाऱ्या स्वयंपाकिणीची प्रकरणं हा या मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे. लिहिलंस?"

"लिहिलं."

"म्हातारपणी माणसाला मदत हवी असते आणि ती मागायची लाज वाटते, हे इतक्या हळुवारपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हा प्रसंग वाचून एका जुन्या वाचकाने लेखकाचे सगळे अपराध माफ केले आहेत."

सुनेची बोटं थांबली. परीक्षण उद्या दुपारपर्यंत जायचं होतं. या मालिकेचे वाचक म्हणजे खमके लोक. एका जहाजाचं नाव चुकलं तरी साप्ताहिकाकडे पत्रं यायची. इथे तर अख्खी प्रकरणंच पुस्तकात नव्हती. बाबांचं हसं होईल, मग चौकशी होईल, मग डोळ्यांचं बाहेर येईल. आणि आत्ता सांगितलं, तर अट मोडली म्हणून ते स्वतःच लिहिणं सोडतील. बोललं तरी स्तंभ जाणार, न बोललं तरी जाणार. फरक एवढाच, की न बोलल्यास तो चारचौघांत जाणार होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला पुस्तक सांगितलंय."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं.

"कुठून?"

"सहाव्या प्रकरणापासून. लढाई गाळली. तुम्ही सुकाणूवाल्याचं विचारलंत म्हणून..."

"पुस्तकात तो किती आहे?"

"दोनदा आहे. दोन्ही वेळा 'होय, कॅप्टन' म्हणतो."

"आणि स्वयंपाकीण?"

"नाहीच आहे. त्या जहाजावर जेवण यंत्रातून येतं."

"हे मला कळायला हवं होतं," बाबा सावकाश म्हणाले. "तिसऱ्या भागाच्या वेळी मीच त्या यंत्राची टर उडवली होती."

ते उठले, स्वयंपाकघरात गेले. तिने मागे जायचं धाडस केलं नाही. भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. बऱ्याच वेळाने ते दोन कप घेऊन बाहेर आले, कडेच्या नजरेने टेबल शोधून एक तिच्यासमोर ठेवला आणि दुसरा हातातच धरून बसले.

"रागावलात?" तिने विचारलं.

"रागावलोय. मला एवढ्यासाठीच नको होतं हे. आता पुढचं प्रत्येक पान ऐकताना मनात येणार, हे छापलेलं की हिचं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि वाईटही वाटतंय. मला वाटलं होतं, कुठल्या लांबच्या माणसाला, मला कधी न भेटता, माझं सगळं कळलं. फार बरं वाटलं होतं गं."

"मी लांबची नाही, पण मला थोडं कळत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला तोंडावर विचारायची सोय नव्हती. विचारलं की तुम्ही दूध आणायला निघून जाता."

बाबांनी कप खाली ठेवला.

"सहावं प्रकरण काढ," ते म्हणाले. "छापलंय तसं."

तिने वाचलं. या वेळी एकही तोफ गाळली नाही. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. मधे एकदा त्यांनी जांभई दिली, आणि एकदा एका चांगल्या वाक्याशी बोट वर करून तिला ते पुन्हा वाचायला लावलं. वाचन दुसऱ्या दिवशी सकाळी पुरं झालं. त्यासाठी तिने प्रयोगशाळेतून अर्धी रजा घेतली. मग त्यांनी नवीन परीक्षण सांगितलं. ते लहान होतं आणि त्यात माफी वगैरे कोणाला नव्हती. लढाया लांबल्या आहेत, पण शेवटच्या माघारीचं वर्णन जुन्या ताकदीचं आहे. सुकाणूवाल्याला लेखकाने खुर्चीवर बसवून ठेवलं आहे, त्याला एकतर काम द्यावं नाहीतर निवृत्त करावं.

"संपलं?" तिने विचारलं.

"नाही. शेवटी एक ओळ घाल. दृष्टी गेल्यामुळे या स्तंभातली पुस्तकं आता मी ऐकतो. वाचते माझी सून. मतं आणि चुका माझ्या आहेत."

तिने टंकलं नाही. "बाबा, संपादकबाई..."

"काढायचं तर काढतील. मग निदान चोरून तरी बसावं लागणार नाही. घाल."

तिने ओळ घातली आणि परीक्षण पाठवून दिलं. तासाभराने संपादकबाईंचा फोन आला. परीक्षण मिळालं, म्हणाल्या. ओळ तशीच ठेवते आहे. पंधरावा भाग आला की पाठवते, पण अक्षर बारीक आहे तेव्हा वाचणाऱ्या बाईंना आधी विचारा. बाबांनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. तो चष्मा ते आता केवळ सवयीने लावत.

सून पुस्तक कपाटात ठेवायला निघाली.

"ते ठेव," बाबा म्हणाले, "आणि ये इकडे. कॅप्टनबाईला कळतं का शेवटी, म्हाताऱ्याला दिसत नाही ते?"

"ते पुस्तकात नाही, बाबा."

"म्हणूनच तर तुला विचारतोय. वाचायचं असेल तेव्हा वाच. आत्ता सांग."

ती खिडकीशी आली, स्टूल ओढून बसली. हातात काही नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला शब्दच सापडेनात.

"कळतं," ती म्हणाली. "तो स्वतःच सांगतो."

"मग? कॅप्टनबाई सुकाणू काढून घेते?"

"नाही. ती सुताराला बोलावते आणि सुकाणूच्या शेजारी आणखी एक बैठक ठोकून घ्यायला सांगते. स्वयंपाकिणीसाठी."

बाबांनी मान वळवली. समोर बघून त्यांना ती दिसली नसती, म्हणून कडेने बघितलं, बराच वेळ.

"पाठ असलेली खुर्ची सांग म्हणावं," ते म्हणाले. "स्टूल नको. रोज बसून तिची पाठ भरून येते, हे म्हाताऱ्याला केव्हाचं दिसतंय."