बाई मला ओरडल्या

धाकटी जाऊ विलायतेतल्या एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत नुकतीच लागली होती. तिला तिथे लावलं थोरल्या जावेनं. ती इस्त्रीच्या मशीनवर जुनी होती.

त्या दुपारी ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली उतारावरून सुटली. धाकटी पाठमोरी उभी राहून अभ्र्यांच्या घड्या घालत होती. इंग्रज सुपरवायझर बाई ओरडल्या. धाकटीला वाटलं, दुसऱ्याच कुणाला काही सांगताहेत. बाई पुन्हा ओरडल्या, तेव्हा कुठे ती दचकून बाजूला झाली आणि ट्रॉली भिंतीवर आदळली.

आवाज ऐकून मॅनेजर धावत आला. त्यानं इंग्रजीत विचारलं, काय झालं? बाई मला ओरडल्या म्हणून मी वाचले, असं धाकटीला सांगायचं होतं. "शी शाउटेड ॲट मी," ती म्हणाली. पुढचं जुळवेपर्यंत मॅनेजरचा चेहरा बदलला आणि तो बाईंना केबिनमध्ये घेऊन गेलासुद्धा.

"काय सांगितलंस गं त्याला?" थोरलीनं विचारलं.

धाकटीनं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. थोरलीनं कपाळाला हात लावला.

"ॲट म्हणजे तुझ्या अंगावर ओरडल्या, तुला झापलं. तुला टू म्हणायचं होतं. चल आधी."

केबिनमध्ये थोरलीनं सगळा उलगडा केला. मॅनेजर खजील झाला. बाई मात्र हसत म्हणाल्या, "तिचं अगदीच चुकलं नाही. पहिल्यांदा टू ओरडले. ही ढिम्म हलेना, मग ॲट."

घरी जाताना धाकटीच्या डोक्यातून ते जाईना.

"ताई, थ्रोला काय लागतं?"

"झेलायला टाकलंस तर टू. डोक्यात घालायला टाकलंस तर ॲट."

"म्हणजे ॲट आलं की समोरच्याची धडगत नाही."

"असं कसं? स्माईललाही ॲटच लागतं."

धाकटी रस्त्यातच थांबली. "ते का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघींनी बाईंना गाठलं.

"लहानपणापासून तसंच बोलत आलेय," बाई म्हणाल्या. "का, ते कधी मनातच आलं नाही."

मग त्याही डबा उघडा टाकून विचार करत बसल्या.