बदलीची बाई

लेक दारातच चपला काढून खाली बसली आणि भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले.

"काय म्हणत होती आज तुझी मास्तरीण?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? अख्खी दुपार काय एकमेकींची तोंडं बघत बसता?"

"आई, दिवसभर बोलून आलेय गं. जरा गप्प बसू दे."

आईने गप्प बसू दिलं. तिला आता ते सवयीचं झालं होतं. लेकीला सरकारी नोकरी लागली तेव्हा तिनेच सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. नोकरी होती सोबतिणीची. शहरात एकटी राहणारी म्हातारी माणसं वाढली होती. बोलायला कोणी नाही, म्हणून ती खचायला आणि आजारी पडायला लागली, तेव्हा सरकारने ही योजना काढली. सोबतिणीने घरोघर जायचं, बसायचं, चार शब्द बोलायचे, त्याहून जास्त ऐकायचे. कोणी फारच खचलेलं दिसलं, तर डॉक्टरांना कळवायचं. काम चांगलंच होतं. वाईट एवढंच, की लेकीचं सगळं बोलणं बाहेरच खर्च व्हायचं आणि घरी यायची ती रिकामी पिशवी.

मास्तरीण म्हणजे लेकीच्या वाट्याला आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक. निवृत्त शिक्षिका. बाकीच्यांबद्दल लेक घरी कधी बोलायची नाही. हिच्याबद्दल मात्र जेवता जेवता एखादं वाक्य निसटायचं. "मास्तरीणबाई आज काय हसल्या, आई!" कशावर हसल्या, असं विचारलं की म्हणायची, "जाऊ दे, ते सांगण्यात मजा नाही." आई मग ताटातला भात चिवडत राहायची.

लेक कामावर गेली असताना आईने एकदा त्या योजनेच्या नंबरवर फोनही केला होता. पलीकडची मुलगी गोड बोलली.

"घरी कोण असतं, आजी?"

"लेक असते."

"मग तुम्ही एकट्या नाही. आमची योजना एकट्यांसाठी आहे."

खुद्द सरकारच सांगतंय म्हटल्यावर पुढे काय बोलणार? "बरं," म्हणून आईने फोन ठेवला.

चहाचा कप हातात आला तेव्हा लेकीने डोळे उघडले. "उद्या मास्तरीणबाईंकडे जाता येणार नाही. ऑफिसात ट्रेनिंग आहे. बदली पाठवायलाही कोणी नाही. बिचाऱ्या वाट बघत बसतील."

"बिचाऱ्या," आई म्हणाली.

लेकीच्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने ठेवणीतले कपडे घातले आणि बस पकडली. मास्तरणीची इमारत तिला माहीत होती. एकदा बसमधून जाताना लेकीनेच तिची खिडकी दाखवली होती. नुसतं बघून यायचं, असं आईने ठरवलं होतं. असं काय आहे या बाईत, जे आपल्यात नाही?

जिने चढून तिने बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या म्हातारीने. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

"ऑफिसातून आलात ना? बदलीच्या?"

आईच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"या. पण आधीच सांगते, मला त्या मुलीची सवय आहे. आपलं जमतं की नाही, बघू."

"बघू," आई म्हणाली.

खोलीत पुस्तकंच पुस्तकं होती आणि समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या. एका खुर्चीतली गादी बसून बसून खोलगट झाली होती. दुसरीची जरा नवी दिसत होती. ती लेकीची. आई तिच्यावर जरा जोरातच बसली.

"मी पडले तेव्हापासून हात असा आहे," मास्तरीण म्हणाली. "वेणी घालता येत नाही. ती मुलगी घालून देते. तुम्हाला येते?"

"पोरीची घालता घालताच म्हातारी झाले."

आईने कंगवा घेतला. केस पांढरे आणि कापसासारखे मऊ होते. या केसांतून लेकीची बोटं फिरत होती. आपल्या डोक्याला तिने शेवटचा हात कधी लावला, ते आईला काही केल्या आठवेना. तिने पेड आवळला.

"अहो, हळू! केस आहेत ते, दोरखंड नाही."

"सैल घातली की सुटते," आई म्हणाली आणि पुढचा पेडही आवळला.

मास्तरणीने तोंड वाकडं केलं, पण बोलणं सोडलं नाही. "ती मुलगी कशी बोलण्यात रमवते. तिच्या आईच्या काय एकेक गोष्टी आहेत तिच्यापाशी!"

आईचे हात थांबले. "कसल्या गोष्टी?"

"तिची आई इस्पितळात चादरींना इस्त्री करायची. घरी पोरीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिला घेऊन जायची आणि चादरींच्या ढकलगाडीत लपवून ठेवायची. एकदा मेट्रन तपासणीला आली आणि नेमकी आतून पोर रडली. तर आई काय म्हणाली असेल? म्हणे, मांजर शिरलंय!" मास्तरीण खुर्ची हलेपर्यंत हसली.

हीच गोष्ट घरी काढली की लेक हात जोडायची. 'आई, किती वेळा तेच तेच.' आणि इथे तीच गोष्ट पाहुण्याला वाढावी तशी आग्रहाने वाढली जात होती. सगळा जन्म इस्त्रीपुढे गेला, त्यातून बोलण्यासारखं जे काही आईपाशी उरलं होतं, ते लेकीने उचलून इथे आणून दिलं होतं. आणि वर चुकीचं.

"मांजर नाही," आई म्हणाली. "शिंक."

"काय?"

"पोर रडली नाही, शिंकली. म्हणून मग मी शिंकले. मेट्रन हलेना, मग मीपण थांबेना. शेवटी तिने मलाच औषध आणून पाजलं. कडूजहर. मुकाट्याने प्याले."

मास्तरीण सावकाश वळली. अर्धी वेणी आईच्या हातात तशीच राहिली.

"म्हणजे तिची आई तुम्ही."

आईने मान डोलावली.

"आणि मला बघायला आलात."

"हो."

"मग? बघितलंत?"

मास्तरणीने डाव्या हाताने वेणी आईच्या मुठीतून सोडवून घेतली. "मला कोणाच्या घरातलं माणूस ओढून घ्यायचं नाही. सरकार पाठवतं, म्हणून ती येते. मी आत्ताच ऑफिसात फोन करते. उद्यापासून दुसरं कोणीतरी पाठवा म्हणते." ती उठली आणि फोनकडे गेली.

मनात इतके दिवस जे होतं, तेच समोर घडत होतं. आईने फक्त बसून राहायचं होतं. मास्तरीण डाव्या हाताने नंबर दाबू लागली. तिचं बोट चुकत होतं, ती पुन्हा पहिल्यापासून दाबत होती.

"नका करू," आई म्हणाली.

"का?"

आईने कंगव्यात अडकलेले केस काढले. त्यांची गुंडाळी करायला तिने बराच वेळ घेतला.

"तिला तुमच्याकडे यायला आवडतं. बाकी कोणाचं ती घरी नावही काढत नाही. तुमचंच काढते."

"खरं सांगताय?"

"आता हेसुद्धा मी दोनदा सांगू का?"

मास्तरणीने फोन ठेवला. परत येऊन खुर्चीत बसली आणि तिने पाठ फिरवली. आईने वेणी पुन्हा पहिल्यापासून घातली. ऊन खिडकीवरून उतरलं, तरी दोघी इस्पितळातल्या मेट्रनबद्दलच बोलत होत्या.

संध्याकाळी लेक घरी आली ती फोन कानाला लावूनच.

"कोण आलं होतं म्हणता? ऑफिसातून? पण आज तर कोणीच... नाव नाही विचारलंत?" मग ती ऐकत राहिली. "बरी होती का?" पुन्हा थोडी थांबली. "माझ्यापेक्षा?" आणि हसली. ते हसणं आईने बरोबर ओळखलं. त्यात हसू नव्हतं.

फोन ठेवून लेक सरळ स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, ऐक ना. आज कोणीतरी बाई जाऊन आली तिकडे. इतकं हसवलं म्हणे तिने. मला ऑफिसात कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. कोण असेल गं?"

"असेल कोणी."

"परत आली तर बरं होईल म्हणाल्या! मी काय कमी करते त्यांचं, तूच सांग. मागच्या आठवड्यात ताप अंगावर काढून गेले होते मी. तुला माहीत तरी आहे का?"

"नाही बाई. तू कुठे बोललीस?"

"मग ऐक तर..."

लेक बोलत राहिली. त्या तापाबद्दल, ऑफिसातल्या साहेबाबद्दल, दार न उघडणाऱ्या एका आजोबांबद्दल, आणि फिरून फिरून त्या बाईबद्दल. आई हं, हं करत होती. भाजी शिजत आली होती. तिने गॅस बारीक केला.