पोत्याखालचा उजेड

“हात लावायचा नाही हं सिस्टर,” केशवराव म्हणाले आणि भिंतीवरच्या नव्या पेटीतला फ्यूज काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. “आधीच पेटला तर उद्घाटन कशाचं करायचं?”

तानीबाईने आढ्याला टांगलेल्या ट्यूबकडे पाहिलं. कौलांवर काचेचं निळसर पॅनेल बसलं होतं, कोपऱ्यात ट्रॅक्टरला शोभेल एवढी बॅटरी ठेवली होती, वायरी जोडून झाल्या होत्या. उजेड तेवढा राहिला होता.

“साहेब, पोतं बांधू काय?” छपरावरून गुंडू फिटर ओरडला.

“बांध. घट्ट बांध.”

पडदा सरकवल्याशिवाय उद्घाटन होत नाही, म्हणून पॅनेलला पोत्याचा पडदा. सूर्याला कार्यक्रमाची तारीख कळवलेली नव्हती; तो आपला परस्पर कामाला लागला असता.

“पण बॅटरी अशीच उपाशी राहिली तर?” तानीबाईने विचारलं.

“नवी हाय बाई,” गुंडू खाली उतरत म्हणाला. “काय होत न्हाय तिला.”

“आठ दिवसांचा तर प्रश्न,” केशवराव म्हणाले. बेळगावच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला होता. आठ दिवस म्हणजे किती, हे त्यांना चांगलं ठाऊक असायला हवं होतं.

तानीबाई निपाणीची. आईने विड्या वळून तिला नर्स केली, आणि सरकारने तिला खानापुरापलीकडच्या रानात, जिथे विजेचे खांब यायचे थांबतात त्याच्याही पुढच्या वाडीत नेमलं. दवाखाना म्हणून मिळाली एक खोली. खिडकीच्या बाजूला बाळंतपणाचं टेबल. दाराच्या बाजूला तिची खाट, स्टोव्ह आणि बाबासाहेबांचा फोटो. मध्ये साडीचा पडदा. वाडीतली मंडळी तिच्या हातचा चहा घेत नसत. “आत्ताच झालाय की,” म्हणत. मूल मात्र तिच्याच हातातून घ्यावं लागे. त्याला दुसरी सोय नव्हती.

शिमग्याच्या सुमारास दिवा बसला आणि आठवड्याभरात उद्घाटनाची पाटी आली. पाटी कानडीत होती. भावकू पाटलाने चौघांना घेऊन ती पडवीत पालथी घातली.

“आमच्या वाडीत कानडी वाचणारं एक बी माणूस न्हाय,” तो म्हणाला. खरंच होतं ते. मराठी वाचणारी किती, हा विषय कोणी काढला नाही.

साल शहाऐंशीचं. बेळगावात सगळीकडेच पाट्यांवरून डोकी तापलेली. केशवराव घरी मराठी बोलत, कचेरीत कानडी, आणि अडचणीत दोन्हीकडे एकच शब्द वापरत: “नोडोण.” म्हणजे बघू. मग खाली मराठीही घालायची ठरली. मग वर कोण आणि खाली कोण, हे ठरेना. एकदा मराठी वर आली, तिला कोणी डांबर फासलं. एकदा कानडी वर आली, तिला कोणी फासलं हे सगळ्यांना माहीत होतं. पाटीशिवाय उद्घाटनाला अध्यक्ष येणार नव्हते आणि अध्यक्षांशिवाय फ्यूज येणार नव्हता. तानीबाई नव्याकोऱ्या ट्यूबखाली चिमणी लावून भाकऱ्या थापत होती. चिमणीच्या काजळीने ट्यूब काळी पडायला लागली, तेव्हा तिने ती फडक्याने पुसून घेतली. सरकारी वस्तू.

भावकूची सून सोनुबाई दुसऱ्या खेपेला गरोदर होती. पहिल्या खेपेला तिचं रक्त थांबता थांबलं नव्हतं. तानीबाई मुद्दाम पाटलाच्या दारात गेली. तिला बसायला कोणी सांगितलं नाही.

“पाटील, सोनुबाईला खानापुरात नेऊन ठेवा. दवाखान्याजवळ.”

“लावणी उरकू दे. नेतो की मग.”

“मग निदान दिवा तरी लावू द्या. पाटीचं मागनं बघा. मला टाकं घालायला दिसत न्हाय चिमणीत.”

“दिव्याचं काय घिऊन बसलाय बाई?” भावकूने सिगारेट शिलगावली. “हितं भाषेचा प्रश्न हाय. आज दिवा पेटला की उद्या कोन पाटी बदलतंय? त्या पोत्याला हात लागला तर बघा, सांगून ठेवतो.”

वाडीने नर्सबाईच्या छपरावर पहारा बसवला. केशवरावांनी मनाई केली होती तीच भावकूने केली. दोन राज्यांचं एवढं एकमत तिने पहिल्यांदाच पाहिलं.

लावणी उरकायच्या आत सोनुबाईचं पोट दुखू लागलं. पावसाची झड चार दिवस उघडली नव्हती. ओढा दुथडी भरून चाललेला; गाडी तर सोडाच, म्हैसही पलीकडे गेली नसती. दुपारच्या वेळी खोलीत एवढा अंधार की तानीबाईला स्वतःची नखं दिसत नव्हती. सोनुबाईच्या सासूने, जयाबाईने, चिमणी उचलली.

“मी धरतो की गं. काय भ्या न्हाय.”

चिमणीचा उजेड टेबलाच्या काठापर्यंतच पोचत होता. तानीबाई पडवीत आली. तिथे भावकू ओल्या सिगारेटशी झगडत उभा होता.

“पाटील, छपरावर चढा. पोतं काढा.”

भावकूने तिच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे. आतून सोनुबाई ओरडली. तो शिडी लावून वर गेला, आणि ज्या गाठींवर त्याने पहारा ठेवला होता त्या विळ्याने कापल्या. पोत्याखाली मुंग्यांनी अंडी घातली होती. तानीबाईने त्याचं सिगारेटचं पाकीट उघडून आतली चांदी काढली, तिची वळी केली आणि फ्यूजच्या जागी घातली. बटण दाबलं.

ट्यूबची दोन्ही टोकं तांबूस झाली. जयाबाई “आलं, आलं!” म्हणाली. टोकं थोडा वेळ तशीच राहिली, मग विझली. बॅटरी शिमग्यापासून उपाशी बसली होती. कधीच मेली होती.

मुलगी झाली, रडली. तानीबाईने इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, कापसाचे बोळे भरले. रक्त कुठून येतंय ते पाहायला उजेड लागतो. ती बोटांनी चाचपत राहिली, अंदाजाने टाके घालत राहिली. चिमणीची काच तिच्या मनगटाला चिकटली, तरी तिने “आणखी जवळ धर” म्हटलं.

सोनुबाई म्हणाली, “बाई, लई गार वाटालंय.” त्यानंतर ती काही बोलली नाही. ओढा उतरायच्या आधीच ती गेली.

तेरावं झाल्यावर केशवराव पाटीचा तोडगा घेऊन आले. पाटीवर अक्षर एकही नाही; फक्त पिवळा सूर्य आणि त्याखाली दिवा. दोन्ही बाजूंची मान्यता हवी होती. भावकू जमिनीकडे बघत म्हणाला, “कसली बी लावा.”

अध्यक्ष आले, नारळ फुटला. छपरावर नवं पोतं बांधलं होतं, ते सोडलं. गुंडूने बॅटरीला तारा लावून पाहिल्या आणि हळूच सांगितलं, “ही मेली की साहेब.” तेव्हा अध्यक्षांच्या जीपची बॅटरी काढून पडद्यामागे ठेवली गेली. अध्यक्षांनी आत येऊन बटण दाबलं, ट्यूब लख्ख पेटली, टाळ्या झाल्या, आणि सगळे भाषणासाठी पडवीत गेले.

“भाषणं संपली की लगेच काढ,” केशवराव गुंडूच्या कानात म्हणाले. “जीपला परत जायचंय.”

खोलीत तानीबाई एकटी राहिली. त्या पांढऱ्या उजेडात तिला आपली खोली पहिल्यांदाच नीट दिसली. आढ्याची काजळी दिसली, फोटोवरची धूळ दिसली. आणि टेबलाखालच्या शहाबादी फरशीच्या फटींमध्ये, भिंतीपर्यंत गेलेल्या तपकिरी रेघा. ती जागा तिने कितीदा तरी धुतली होती. चिमणीत स्वच्छ दिसली होती.

तिने पदर खोचला, बादली ओढली, काथ्या घेतला आणि गुडघे टेकून ती फट घासू लागली.

“सिस्टर, आरतीचं ताट!” बाहेरून केशवरावांनी हाक मारली. “फोटो काढायचाय!”

तिने काथ्या पुढच्या फटीत घातला. भाषण संपलं, हार झाले. गुंडू पान्हा घेऊन दारात आला.

“बाई, काढू व्हय? साहेब निघालेत.”

“थांब.”

“बाई, अध्यक्ष...”

“थांब म्हटलं न्हवं? भिताडापतूर जाऊ दे.”

गुंडूने फरशीकडे पाहिलं आणि पान्हा खाली ठेवला. बाहेर अध्यक्ष जीपमध्ये जाऊन बसले होते. ड्रायव्हर खाली उभा राहून दाराकडे बघत होता. तानीबाईने बादलीतलं पाणी ओतून दिलं आणि दुसरं घेतलं.