डोंगरावर नाव कुणी विचारत नाही

मी एक रिंग आहे. कमरेभोवती फिरवतात ती. दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या कडेला डोंगर आहे, त्याच्या निम्म्यावर गार पाण्याचा झरा आहे आणि झऱ्यापाशी पाइनच्या फांदीला मी टांगलेली असते. अंगाने जाड, आतून गोटे-गोटे असलेली. कुणी नुसतं बघून पुढे गेलं की मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. टीव्हीवर एक बाई ओरडून ओरडून सांगत होती, कंबर चवळीच्या शेंगेसारखी होईल म्हणून. ते ऐकून एका घरी मला मागवलं. नव्याचे नऊ दिवसही झाले नाहीत. मग माझ्यावर मुळ्याचा पाला वाळायला लागला. एकदा घरधनी मला अडखळून पडला आणि दुसऱ्या दिवशी मला खांद्यावर घालून डोंगरावर आला.

इथे तशीच रीत आहे. घरात नकोसं झालेलं डोंगरावर आणून टांगायचं. आरसा, घड्याळ, लोखंडी वजनं, सगळं झाडांना आहे. कुणी चोरत नाही आणि कुणाचं ते नसतंही.

माणसं येतात, घाम गाळतात, पाणी पिऊन जातात. एक हेडमास्तर आहेत, कधीच निवृत्त झालेले. ते टाळ्या वाजवत उलटे चालतात. मेंदूला चांगलं असतं म्हणे. पाइनवर आपटतात, तेव्हा मेंदूचं काय होतं ते त्यांनाच ठाऊक.

आणि मग ती आली. पहिल्या दिवशी नुसती बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिली. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला. दुपारी जेवून त्याचा डोळा लागला की तेवढा वेळ तिचा.

तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून एक दणकट बाई चढून आली. बाजारात तिचं तयार भाज्या-लोणच्यांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती यायची.

"घे की ती. चावत नाही," ती म्हणाली.

"मला नाही जमायचं."

"जमव म्हणून कोण म्हणतंय? पाड. पाडलीस तरी आवाज होतो, तेवढंच बरं वाटतं."

बाकावरची उठली. तिने मला पाडलं. पुन्हा पाडलं. माझ्या अंगावरचे ओरखडे त्या दिवसाचे आहेत.

"साल कुठलं गं तुझं?" दुकानवालीने विचारलं. इथे जन्मसाल प्राण्याच्या नावाने सांगतात.

"सशाचं."

"माझं माकडाचं. म्हणजे मी ताई. मुलं?"

"एक मुलगी, बोराम."

"माझा तेग्यू. सेऊलला असतो."

झाली ओळख. एक बोरामची आई, दुसरी तेग्यूची आई. इथे बाईचं नाव विचारणं जरा उद्धटपणाचंच, आणि लागतंय कुणाला? रोज तर भेटायचंच होतं.

नंतर तिला मी अशी जमले की विचारू नका. ती फिरवायची आणि ताई बाजूला झाडाच्या बुंध्यावर पाठ आपटत उभी राहायची. तेही इथे व्यायामातच मोजतात.

"आज त्यांनी भाताची वाटी फेकली."

"फिरव."

"मग मीही ओरडले, ताई. आजारी माणसावर."

"अजून जोरात फिरव. दोन शब्द बोललीस म्हणून आभाळ कोसळत नाही. मी तर मेलेल्या नवऱ्यालाही अजून बोलते. तो कुठे उत्तर देतो?"

बोरामची आई हसायची, आणि हसली की मी पडायचे. येताना तिची कंबर लाकडासारखी असायची. हळूहळू सैल पडायची, हे मला आतून कळायचं. दिवसभर ती दुसऱ्याला उचलत, वळवत, पुसत असायची. तेवढा अर्धा तास तिला कुणीतरी धरून असायचं. ती मी होते, याचा मला फार अभिमान आहे.

एका हिवाळ्यात वाटेवर बर्फ गोठला आणि ताई यायची थांबली.

बर्फ वितळला तरी आली नाही. बोरामची आई मला हातात धरून पलीकडच्या वाटेकडे बघत उभी राहायची, मग तशीच टांगून जायची. एके दिवशी ती पलीकडे उतरून बाजारात गेली. परत आली ती दमून.

"तेग्यूची आई कुठे राहते म्हणून विचारलं," ती हेडमास्तरांना सांगत होती. "तर एक मासळीवाली म्हणते, अगं, इथे सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या आया आहेत, आणि लोणच्यांची दुकानं तर ओळीने आहेत. नाव काय? मला नावच सांगता येईना."

हेडमास्तर उलटे चालायचे थांबले. "या वयात माणूस यायचं थांबलं, की फार विचारू नये," ते म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले, पण तिने त्याचा अर्थ घ्यायचा तोच घेतला.

मग छुसोक आला, सुगीचा आणि पूर्वजांना पुजायचा सण. त्या दिवशी डोंगरावर चिटपाखरू नसतं. बायका घरोघरी तळणाला जुंपलेल्या, पुरुष पूर्वजांच्या थडग्यांवर. अशा दिवशी चकचकीत बुटांतला एक माणूस धापा टाकत वर आला. हातातल्या फोनमधून आवाज आला आणि मी ओळखला.

"तेग्यू, झऱ्यापाशी बघ. ती असेल."

"आई, इथे कोणी नाही. आज सण आहे. कोण येणार?"

"मग खाली वस्तीत विचार. बोरामची आई म्हण."

"नाव, आई! नाव काय तिचं?"

मग ताई बारीक आवाजात म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही रे. दुकानात पडले नसते, कंबर मोडली नसती, तर आज ना उद्या विचारलं असतं. तू उचलून थेट सेऊलला आणलंस. इथे एकोणिसाव्या मजल्यावर कुणाला विचारू?" आणि मग, "आमची रिंग आहे का?"

त्याने फोन माझ्यासमोर धरला. ताई केवढी वाळली होती! मी फांदीवर गप्प होते. मला दुसरं काय येतं?

"चिठ्ठी तरी ठेव. नंबर लिही."

"पेन गाडीत आहे. आणतो," तो म्हणाला. खाली गाडीत बायको-मुलं खोळंबली होती, सेऊलचा रस्ता तुंबलेला. तो पुन्हा वर आला नाही. त्याचा राग करावासा वाटत नाही, पण येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोरामची आई आली. पदार्थांचं ताट आणि तांदळाच्या दारूची बाटली घेऊन. मला वाटलं, दोघी इथे कधीमधी मिळून खायच्या, त्याची आठवण म्हणून आणलं असेल. तिने ताट पलीकडच्या वाटेकडे तोंड करून मांडलं, पेला भरला आणि जमिनीवर डोकं टेकून नमस्कार केला.

इथे जिवंत माणसाला एकदा करतात. गेलेल्याला दोनदा.

ती उठली, आणि दुसऱ्यांदा वाकली.

ताई आहे गं! सेऊलला आहे, काल तुला शोधत होती! मी आतल्या आत ओरडले. वारा सुटला तशी फांदीवर जरा हलले, एवढंच.

अजूनही ती येते. मला घेते, फिरवते, कुणाशी बोलत नाही. आताशा मी पडत नाही. तुम्ही रोज कुणाच्या शेजारी चालत असाल, हात-पाय झटकत असाल, तर माझं एवढं ऐका. आजच त्यांना नाव विचारा. उद्धटपणा वाटला तरी विचारा.